तबल्याला माइक कुठे लावायचा? घरच्या खोलीत तबला, पखवाज, हलगी, टाळ रेकॉर्ड करण्याची माझी पद्धत

मी गेली बरीच वर्षं पुण्यात घरातल्याच एका खोलीत रेकॉर्डिंग करतोय, बहुतेक भजनं, अभंग, नाट्यगीतं आणि अधूनमधून एखादं सोलो तबलावादन, आणि सगळ्यात जास्त वेळ मी कशावर घालवला असेल तर तो माइक चार बोटं इकडे आणि चार बोटं तिकडे सरकवण्यात. गायकाचं सोपं असतं हो, तोंड एकच आहे, त्याच्यासमोर माइक ठेवला की निम्मं काम होतं. तबल्याचं तसं नाही. तबला म्हणजे दोन वेगळी वाद्यं आहेत, उजव्या हाताचा दायाँ आणि डाव्या हाताचा डग्गा, आणि ती ऐकणाऱ्याला एक म्हणून ऐकू यायला हवीत, सगळी गोम इथेच आहे.

बऱ्याच जणांचं पहिलं रेकॉर्डिंग असं होतं की दायाँवरचा 'ना' हा बोल एकदम टणटणीत, कानात टोचणारा, आणि डग्गा कुठेतरी लांबून आल्यासारखा. मग ते इक्वलायझर घेऊन बसतात, बास वाढवतात, ट्रेबल कमी करतात, आणि दोन तासांनी तबला कार्डबोर्डच्या खोक्यासारखा वाजायला लागतो. कारण माइक वाद्याच्या फार जवळ, आणि चुकीच्या ठिकाणी.

हे का होतं ते आधी समजून घेऊ, मग पुढचं सगळं आपोआप पटेल. साध्या ढोलाला सूर नसतो, त्याच्या कातड्यातून निघणारे वरचे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत. आपल्या तबल्या-पखवाजाला शाई असते, म्हणजे पुडीवरचा (ताणलेल्या कातड्यावरचा) काळा गोल, आणि त्या शाईच्या वजनामुळे पुडीचे वरचे स्वर मूळ स्वराच्या जवळजवळ पूर्ण पटीत येतात, म्हणून तबला 'लावता' येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली यावर लिहिलं होतं. आता माइकच्या दृष्टीने बघा, हे सगळे स्वर पुडीच्या वेगवेगळ्या भागातून कमीजास्त बाहेर पडतात, चाटीवरून (पुडीच्या बाहेरच्या कडेवरून) वेगळे, शाईवरून वेगळे, आणि डग्ग्याच्या खालच्या स्वरांना तर उलगडायलाच जागा लागते. दोन इंचांवर माइक ठेवला तर तो पुडीचा एक तुकडा ऐकतो. फूटभर लांब गेलात की सगळे स्वर हवेत एकत्र होऊन त्याच्यापर्यंत पोचतात आणि तिथे तबला तबल्यासारखा वाजतो. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की आधी ती जागा कानाने शोधा, मग माइक तिथे ठेवा.

आधी वाद्य आणि खोली

माइकला हात लावायच्या आधी अर्धा तास तबला खोलीत आणून ठेवा. पावसाळ्यात दमट हवेत पुडी उतरते, एसी लावला की चढते, आणि रेकॉर्डिंगच्या मध्यावर सूर सरकला की आधीचे टेक आणि नंतरचे टेक जोडता येत नाहीत. एसी लावायचाच असेल तर आधी लावून खोली गार करून घ्या आणि टेकच्या वेळी बंद करा, पंखा तर बंदच. मग तानपुरा लावून तबला सगळ्या बाजूंनी लावून घ्या, एका गठ्ठ्यावर (वादीखालच्या लाकडी ठोकळ्यावर) बरोबर आणि समोरच्या गठ्ठ्यावर थोडा उतरलेला असा तबला जगातला कुठलाही माइक सुधारू शकत नाही. काळी एकचा तबला असेल तर मूळ स्वर साधारण २७७ हर्ट्झला येतो, हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे इक्यूच्या (इक्वलायझरच्या) वेळी लागेल. डग्गा मात्र शंभर हर्ट्झच्या आसपास किंवा त्याच्याही खाली असतो आणि तळहाताच्या दाबाने वर सरकतो.

आता वादकाला कुठे बसवायचं. दहा बाय बाराच्या खोलीत अगदी मधोमध बसवू नका आणि कोपऱ्यातही नको. मधोमध बसलं की काही खालचे स्वर गायब होतात, कोपऱ्यात तेच स्वर फुगतात आणि डग्गा गुरगुरायला लागतो. वादकाला दोन-तीन जागी बसवून फक्त 'गे... गे... गे' वाजवायला सांगा, तुम्ही खोलीत फिरत ऐका, घुमारा जिथे भरीव आणि मोकळा वाटतो तिथे सतरंजी टाका. पाच मिनिटं लागतात आणि पुढचे दोन तास वाचतात. वादकाच्या मागच्या भिंतीला गादी उभी करा, समोर जाड रजई टांगा, पण जमिनीवर सगळीकडे जाड गालिचे घालू नका, थोडी फरशी उघडी असू दे, नाहीतर 'तिरकिट' मेल्यासारखं वाजतं. चुंबळ नीट बसलीये ना बघा, चुंबळ हलली की तबला फरशीवर हलका खडखडतो आणि हेडफोनमध्ये तेच सगळ्यात जास्त ऐकू येतं. अंगठ्या, कडं, घड्याळ काढायला सांगा, हे सांगताना लाजू नका.

कुठला माइक

तुमच्याकडे जो आहे तो. खरंच. शुअर एसएम ५७ आणि दोन चॅनलचा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) एवढ्यावर उत्तम तबला रेकॉर्ड होतो. पण निवड करायला मिळत असेल तर दायाँसाठी लहान डायफ्रामचा (आतल्या पडद्याचा) कंडेन्सर, म्हणजे विजेवर चालणारा नाजूक माइक घ्या, रोडे एनटी ५ किंवा न्यूमन केएम १८४ सारखा, कारण बोटांचे बारकावे त्यात स्वच्छ येतात. डग्ग्यासाठी मला डायनॅमिक (विजेची गरज नसलेला, दणकट) माइक आवडतो, सेन्हायझर एमडी ४२१ मिळाला तर सोन्याहून पिवळं, नाहीतर तोच ५७. एकच माइक घ्यायचा असेल तर एकेजी सी ४१४ सारखा मोठ्या डायफ्रामचा, ज्यात पॅटर्न (माइक कुठल्या दिशांनी ऐकतो ते) बदलता येतो. ड्रमकिटच्या किकसाठी बनवलेले माइक असतात, डी ११२ वगैरे, ते डग्ग्याला लावायचा मोह होतो, पण ते मधले स्वर खातात आणि डग्ग्याची मींड (हात घासून सरकवलेला स्वर) मधल्या स्वरांतच तर राहते.

कंडेन्सरला इंटरफेसमधून ४८ व्होल्ट फॅंटम (माइकला लागणारी वीज) द्यायला विसरू नका, आणि फॅंटम चालू-बंद करताना स्पीकरचा आवाज शून्यावर ठेवा.

एक माइक, सगळ्यात आधी हे शिका

पहिल्या दिवशी दोन माइक लावूच नका. वादकाच्या समोर, प्रेक्षक बसतात त्या बाजूला, स्टँड उभा करा. माइक दोन्ही पुड्यांच्या मधल्या फटीवर, साधारण दीड फूट वर आणि अर्धा-पाऊण फूट पुढे, तोंड खाली तिरकं. आता एका कानाने ऐका, म्हणजे अक्षरशः एक कान बोटाने बंद करून दुसरा कान माइकच्या जागी नेऊन ऐका, वादकाला थोडं अवघडल्यासारखं होईल पण चालतं. (माइक सुद्धा एकच कान आहे, दोन कानांनी ऐकलं की मेंदू बरंच काही दुरुस्त करून देतो.) डग्गा कमी वाटला तर माइक डग्ग्याकडे चार बोटं सरकवा आणि तोंड दायाँकडेच राहू द्या, असं केलं की अंतराने डग्गा वाढतो आणि दायाँची स्पष्टता जात नाही. तरीही कमी वाटला तर एक-दोन इंच खाली या. आवाज खोक्यातल्यासारखा वाटला तर वर जा.

कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माइक जवळ नेला की बास आपोआप वाढतो हे लक्षात असू द्या. डग्ग्यासाठी ते कधी उपयोगी पडतं, पण आठ इंचांच्या आत गेलात की तो खोटा बास असतो, प्रत्येक 'गे'ला सारखाच ढब्ब आवाज, आणि हात घासून काढलेली मींड त्यात बुडते. खोली चांगली असेल तर ४१४ ओम्नीवर (सगळीकडून सारखं ऐकणाऱ्या पॅटर्नवर) टाकून फूटभर अंतरावर एकदा ऐका, ओम्नीत तो फुगवटा येत नाही. मला स्वतःला ओम्नीतला तबला सगळ्यात खरा वाटतो, पण रस्त्यावरच्या हॉर्नसकट खरा, त्यामुळे रात्री अकराच्या पुढेच जमतं.

सोलो वादन, भजनाला साधी साथ, यासाठी हा एक माइक पुरतो. ज्यांना वाटतं की एक माइक म्हणजे कमी दर्जाचं काम, त्यांनी निदान एकदा नीट जागा शोधून करून बघावं.

दोन माइक

गाण्याच्या मिक्समध्ये डग्गा आणि दायाँ वेगवेगळे कमीजास्त करायचे असतील तर दोन लागतात. दायाँचा माइक पुडीपासून आठ ते दहा इंच वर, वादकाच्या हाताच्या समोरच्या बाजूने, आणि नेम शाईची कड आणि लव (शाई आणि चाटीमधलं मोकळं कातडं) जिथे मिळतात तिथे. चाटीवर थेट नेम धरू नका, नुसता 'ना'चा टणका येईल आणि 'तीं'ची आस (मागे गुंजत राहणारा नाद) हरवेल. शाईच्या बरोबर मध्यावर धरलात तर आवाज बोथट होतो. त्या कडेवर दोन्ही मिळतं.

डग्ग्याचा माइकही तेवढाच वर, पण मनगट टेकतं त्याच्या समोरच्या कडेकडून तिरका. बोटांच्या बरोबर वर ठेवलात तर हात खाली येताना हवेचा झोत सरळ माइकवर जातो आणि 'भप्प' असा आवाज येतो, तो नंतर निघत नाही. माइकवर स्पंजची टोपी घाला.

आता अवघड भाग. पुस्तकातला नियम असा की माइक वाद्यापासून जितका लांब त्याच्या तिप्पट लांब दुसरा माइक असावा. आठ इंचावर माइक असेल तर दुसरा दोन फुटांवर हवा. पण दायाँ आणि डग्गा तर एकमेकांना चिकटूनच असतात, त्यामुळे हा नियम तबल्याला कधीच पूर्ण पाळता येत नाही. मग कोनाचा उपयोग करायचा. कार्डिऑइड माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून दोन्ही माइक थोडे बाहेरच्या बाजूला वळवायचे, दायाँच्या माइकची पाठ डग्ग्याकडे, डग्ग्याच्या माइकची पाठ दायाँकडे. पूर्ण वेगळं होणार नाही, व्हायलाही नको, थोडी गळती (एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये येणं) दोघांना एकत्र बांधून ठेवते.

गळतीपेक्षा मोठा शत्रू म्हणजे फेज, एकच आवाज दोन माइकमध्ये पुढे-मागे किंवा उलटा येऊन स्वतःलाच खोडतो. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. एकच 'ना' दोन माइकपर्यंत १७ सेंटिमीटरच्या फरकाने पोचला तर अर्ध्या मिलिसेकंदाचा फरक पडतो, आणि दोन्ही माइक सारख्या आवाजावर मिसळले की १००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, तबल्याचा चेहराच जातो. म्हणून हे कराच: दोन्ही चॅनल मध्यभागी आणा, मोनो करा, वादकाला सावकाश 'धा... धा... गे... ना' वाजवायला सांगा, आणि एका चॅनलचं फेजचं बटण दाबून-सोडून ऐका. ज्यात आवाज भरीव तेच ठेवा. दोन्हीत पातळ वाटत असेल तर माइक इंच-दोन इंच सरकवा आणि परत ऐका.

हे मी इतकं कळकळीने सांगतोय कारण मी स्वतः भोगलंय. सुरुवातीच्या काळात एका मंडळाच्या अभंगांचा तबला दोन माइकने घेतला, दायाँ डावीकडे आणि डग्गा उजवीकडे टाकला, हेडफोनमध्ये सगळं छान वाटलं, सगळे खूश. काकड आरतीच्या वेळी देवळाच्या स्पीकरवर ते लावलं, ती सिस्टीम मोनो, आणि डग्ग्याचा घुमारा जवळजवळ गेलाच. शोधता शोधता कळलं की माझी एक केबल मीच सोल्डर करताना दोन तारा उलट्या जोडल्या होत्या. ज्यांचा डग्गा होता ते काका काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "मी वाजवला होता रे तो." ते वाक्य अजून आठवतं. तेव्हापासून मोनो करून ऐकल्याशिवाय मी लाल बटण दाबत नाही.

स्टिरिओमध्ये टाकताना प्रेक्षकाच्या नजरेने टाका, वादक आपल्याकडे तोंड करून बसला तर त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो, म्हणजे दायाँ थोडा डावीकडे, डग्गा थोडा उजवीकडे. थोडाच. पूर्ण टोकाला टाकलं तर तबला आठ फूट रुंद वाटतो, वादकाचे हात काही तेवढे लांब नसतात.

लेव्हल

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आणि सगळ्यात जोरात वाजेल तेव्हा मीटर उणे १२ ते उणे १० डेसिबलपर्यंत, त्याच्या वर नको. चाचणीला नुसतं 'ना ना ना' घेऊ नका, वादकाला म्हणा लग्गी वाजवा, एखादी तिहाई जोरात टाका, कारण टेक सुरू झाला, गाणं रंगलं की प्रत्येक जण चाचणीपेक्षा जोरातच वाजवतो. रेकॉर्ड करताना कॉम्प्रेसर (जोराचा आवाज आपोआप दाबणारं साधन) लावू नका. आणि वादकाच्या हेडफोनमध्ये त्याचा तबला पुरेसा द्या, कमी ऐकू आला की तो हात आपटायला लागतो आणि तुमचा टोन बदलतो, माइकची जागा तीच असली तरी.

पखवाज, ढोलकी

पखवाजाच्या दोन पुड्या दोन विरुद्ध दिशांना, त्यामुळे वरून एक माइक लावून भागत नाही, दोन लागतात, दोन्हीकडे फूट-सव्वा फूट लांब, वादकाच्या समोरच्या बाजूने तिरके. इथे दोन माइक एकमेकांकडे बघत असतात, म्हणून फेजचं बटण दाबून बघणं तबल्याहून जास्त महत्त्वाचं, बरेचदा एक उलटा ठेवावा लागतो. धुमेच्या (डाव्या, खर्जाच्या पुडीच्या) बाजूची कणीक टेकच्या मध्ये बघत राहा. ती वाळत गेली की धुमेचा स्वर चढतो, आणि दोन तासांचं भजन असेल तर पहिला अभंग आणि शेवटचा अभंग वेगवेगळ्या पखवाजांवर वाजवल्यासारखा वाटतो. शेजारी वाटीत पाणी ठेवा आणि पाणी लावल्यावर परत एकदा पहिला टेक ऐकून जुळवून घ्या.

ढोलकीला, खास करून लावणीच्या चढ्या ढोलकीला, शाईच्या बाजूला कंडेन्सर नको, कानाला लागतो. ५७ लावा, आठ-दहा इंचांवर, थोडा तिरका. दुसऱ्या बाजूला पखवाजासारखंच.

टाळ, चिपळ्या, झांज

टाळ दिसायला लहान, पण मीटर त्याच्या बाबतीत तुम्हाला फसवतो. त्याचा ठोका इतका क्षणिक असतो की काटा उठायच्या आत आवाज फुटून गेलेला असतो, म्हणून तबल्यापेक्षा पाच-सहा डेसिबल कमी ठेवा. माइक तीन फूट लांब, आणि टाळाच्या कडेच्या रेषेत नको, कारण दोन वाट्या आपटताना मधली हवा कडेतून बाहेर फेकली जाते. थोडा वर किंवा थोडा खाली धरा.

भजनी मंडळ एकत्र बसून गाणार असेल तर टाळकऱ्यांना पखवाजापासून सात-आठ फूट मागे बसवा, नाहीतर पखवाजाच्या माइकमध्ये टाळच टाळ येतात. आठ आकड्याचा पॅटर्न असलेला माइक असेल तर त्याच्या दोन्ही कुशी बहिऱ्या असतात, ती बहिरी कूस टाळकऱ्यांकडे करा, फरक लगेच ऐकू येईल. पण टाळकऱ्यांना वेगळ्या खोलीत पाठवून नंतर वेगळे टाळ रेकॉर्ड करू नका हो. जमतं, पण त्यात भजन राहत नाही.

हलगी, संबळ, ताशा

यांचा आवाज घरच्या खोलीत मावत नाही, मोकळं अंगण किंवा मोठा हॉल शोधा. कंडेन्सर वापरलाच तर त्यावरचं पॅडचं (आत येणारा आवाज कमी करणारं) बटण दाबा, नाहीतर डायनॅमिकच बरा. हलगीला मी दोन माइक लावतो, एक समोरून दोन फुटांवर काठीच्या कडकडाटासाठी आणि एक मागून, उघड्या बाजूला फूटभर, तिथे तिचा खालचा स्वर मिळतो. मागच्या माइकची फेज उलटी करायची, कारण कातडं पुढे जातं तेव्हा मागून बघणाऱ्याला ते लांब जात असतं. हलगी तापवून घेतली की लगेच टेक घ्या, थंड झाली की परत शेकावी लागते, त्यामुळे तुमची सगळी जुळवाजुळव आधी झालेली असली पाहिजे.

ढोल-ताशा पथक रेकॉर्ड करायचं असेल तर गणपतीच्या आधीचे सरावाचे दिवस बरे, मिरवणुकीच्या गर्दीत काही हाती लागत नाही. हातात धरायचा स्टिरिओ रेकॉर्डर घ्या, ऑटो गेन (लेव्हल आपोआप कमीजास्त करणारी सोय) आधी बंद करा, नाहीतर पहिल्या टिपरूला आवाज दबतो आणि परत वर यायला दोन सेकंद घेतो. वीस-तीस फूट लांब, डोक्याच्या उंचीच्या वर, ताशे तुमच्याकडे तोंड करून असतील अशा बाजूला. कानात बोळे घाला, हे काम करणाऱ्याला कान पुढची तीस वर्षं लागतात.

नंतरचं काम थोडकंच

माइक नीट लागला असेल तर मिक्समध्ये फार काही करावं लागत नाही. सॉफ्टवेअरमधले तयार प्रीसेट ८०-१०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापतात, ते गळ्यासाठी असतात, तबल्याला लावलंत की घुमारा गेला. मी कापताना ४० हर्ट्झच्या वर जात नाही. खोक्यासारखा वाटला तर ४०० च्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी, 'ना' टोचत असेल तर ३ ते ५ हजारात थोडं कमी. २७७ च्या आसपास मात्र हात लावू नका, तिथे तबल्याचा सा आहे. कॉम्प्रेसर लावलाच तर हलका, दोनास एक, आणि अटॅक (दाबायला सुरुवात होण्याचा वेळ) २०-३० मिलिसेकंद, म्हणजे बोटाचा पहिला ठोका त्यातून निसटून जातो.

आणि उठायच्या आधी सतरंजीच्या चार कोपऱ्यांवर, स्टँडच्या पायांवर, तबल्याच्या चुंबळीखाली चिकटपट्टीच्या खुणा करा, माइकपासून पुडीपर्यंतचं अंतर दोरीने मोजून त्या दोरीला गाठ मारून ठेवा, मोबाइलवर वरून आणि बाजूने फोटो काढा. कारण आठ दिवसांनी गायक म्हणणार की दुसरं कडवं परत घेऊया, आणि तेव्हा तोच तबला, त्याच जागी, त्याच आवाजात मिळायला हवा.